अण्णांचा दमा

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण वेळ आम्हाला आवाजावरून कळायची. आत्याच्या जात्याची घरघर थांबली की उजाडायला आलं. फुंकणीचा आवाज आला की आईनं चूल पेटवली, आता पेज होईल. शेजारच्या म्हादूकाकांचा रहाट कुरकुरायला लागला की माझ्या आंघोळीची वेळ. खाडीच्या तोंडाशी होडीवाले एकमेकांना हाका घालायला लागले की आई चुलीवरून मान वर करून म्हणायची, "बायो, आज बांगडा असंल बघ, आवाज खुशीत हाय." त्या वर्षी या सगळ्यात एक आवाज वाढला. माजघरामागच्या काळोख्या खोलीतून येणारा अण्णांचा खोकला. त्याला मात्र वेळ नव्हती. तो कधीही यायचा, आणि आला की आईच्या हातातलं काम जागच्या जागी थांबायचं.

ईशा, निनाद, तुमचे पणजोबा कशानं गेले हे तुम्ही दोघांनी मागे एकदा फोनवर विचारलं होतं. मी "छातीच्या आजारानं" म्हटलं आणि तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारलं. जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलेल्या बाईला एक शब्द तोंडातून काढता येऊ नये, याचं नंतर माझं मलाच नवल वाटलं. म्हणून ते सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे. तारखा देत नाही. त्या असून तुम्हाला त्यातलं काही जास्त कळणार नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आगबोटीवर तेलवाला होते. इंजिनात उतरून यंत्रांना तेल घालायचं, ही त्यांची नोकरी. वर्षातला बराचसा काळ ते समुद्रावर, आणि सुटीत घरी आले की वाडीला कळायचं, कारण अंगणाच्या दगडी गडग्यापासूनच त्यांची हाक सुरू व्हायची. "कोण हाय घरात? का सगळी विकून खाल्लात?" ट्रंकेतून साबणाच्या वड्या, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत्याला जाड लोकरीची शाल असं काय काय निघे. मला इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनीच ठरवलं होतं. बोटीवरचा साहेब बोलतो ते अर्धं कळतं, उरलेलं अर्धं माझ्या पोरीला कळलं पाहिजे, असं ते म्हणत. माणूस मोठ्या आवाजाचा होता. इंजिनरूममध्ये ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही, ती सवय घरीही सुटत नसे, आणि आत्या कानांवर हात ठेवून म्हणायची, "अरे, बोट बंदराला लागली, आता तरी हळू बोल."

त्या वर्षी ते रजा नसताना आले. हाक नाही, काही नाही. मी शाळेतून आले तर ते पायरीवर बसलेले, ट्रंक शेजारी, पायात बूट तसेच. मी धावत गेले तेव्हा त्यांनी हात पुढे करून मला लांबच थांबवलं. "जवळ नको येऊ," म्हणाले. आवाज एवढा बारीक होता की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

अण्णांना काय झालंय ते आईनं मला सांगितलं पाट्यावर खोबरं वाटताना. वरवंटा तिनं थांबवला नाही. आज मला कळतं की पलीकडच्या परसात राधाकाकू, म्हादूकाकांची बायको, भांडी घासत होती आणि आईला त्या आवाजाचा आडोसा हवा होता. "अण्णांना दमा झालाय, असं सांगायचं," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर. शाळेत, विहिरीवर, कुठंही."

"आणि खरं काय झालंय?"

वरवंटा जोरात फिरला. "ते. वाईट असतं ना, ते. फुप्फुसात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कळलं तर या घरात कोण पाणी प्यायला येणार नाही. उद्या तुला कोण सून करून घेणार नाही. दमा म्हणायचं."

तो शब्द आई त्यानंतरही कितीतरी दिवस उच्चारू शकली नाही. तो उच्चारला की घरात ठाण मांडून बसेल, असं तिला वाटत असावं. मलाही तसंच वाटायचं. मी रात्री डोक्यावरून गोधडी घेऊन झोपायची आणि तो शब्द मनातही येऊ नये म्हणून पाढे म्हणायची.

मुंबईच्या इस्पितळात काय घडलं ते आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, बिडी किती ओढता. अण्णांनी सांगितल्यावर, रांगेतले लोक ऐकताहेत याची पर्वा न करता ते म्हणाले, "आधी धूर काढायचा आणि मग आमच्याकडे रडत यायचं." शेक घ्यायला पुढच्या आठवड्यात या, असंही त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे विजेचा शेक, ज्याला आता रेडिएशन म्हणतात. पण अण्णांच्या कानात पहिलं वाक्यच राहिलं. ते इस्पितळातून निघाले ते थेट घरी आले आणि पुन्हा तिकडे जायला तयार होईनात. घरी आत्या होती. ती त्यांची मोठी बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे आलेली, भावावर जीव टाकणारी. पण तिचं दुःख तोंडातून असंच बाहेर पडे. "मी बोंबलत होतं ना, ती बिडी सोड म्हणून? ऐकलान कधी?" अण्णा कूस बदलून भिंतीकडे तोंड करत.

इथे मला थोडं थांबलं पाहिजे. बोटीच्या इंजिनात वाफेच्या नळ्यांना पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेला असे. तो झडायचा. जेवणाच्या थाळीवर पिठासारखा बसायचा, आम्ही फुंकर मारून जेवायचो, असं अण्णा पूर्वी हसत सांगत. ती पूड श्वासातून आत गेली की हाच आजार होतो, हा त्या फुंकरीचा अर्थ मला फार उशिरा, पुस्तकं वाचून कळला. बिडीला मी निर्दोष म्हणत नाही. पण त्या डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारलाच नाही, की बाबा, तू काम कुठं करतोस.

अण्णांनी आपलं ताट, पेला, अंथरूण स्वतःच वेगळं करून घेतलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांची हिंमत नव्हती. आई त्यांची भांडी वेगळी घासून परसातल्या गडग्यावर उन्हात पालथी घालायची. आम्हाला वाटत होतं, आम्ही दमा म्हणतोय आणि लोकांचा विश्वास बसतोय. पण उन्हात वेगळी वाळत घातलेली भांडी सगळी वाडी बघत होती. दम्याच्या माणसाची भांडी कोण वेगळी ठेवतं? वाडीनं आपला अर्थ काढला. क्षय. आणि क्षयाला तेव्हा लोक एवढे घाबरत की खऱ्या नावाला कदाचित कमी घाबरले असते.

राधाकाकूंची मुलगी माझ्याबरोबर शाळेत यायची, ती आधीच निघून जायला लागली. मासेवाली टोपली आत आणेना. "गडग्यावर ठेवतंय गो, घे तू," एवढं ओरडून ती पुढे जाई. म्हादूकाका अण्णांचे बालपणापासूनचे मित्र. सुटीत अण्णा आले की संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर हटकून असत. ते आता आमच्या वाटेनं जाताना तोंडावर पंचा धरत. एकदा आईनं त्यांना हटकलं, "भावजी, मित्राला बघायला नाय यायचा?" ते थांबले. "येनार, येनार. जरा कामात हाय," म्हणाले आणि चालू पडले. पंचा तोंडावरून खाली आला नाही.

घराची भीती वेगळीच होती. अण्णांनी दाढी करणं सोडलं. कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी, जे जे त्यांना आवडतं ते आई करायची, आणि ताट जसंच्या तसं परत यायचं. आज याला नैराश्य म्हणतात, त्याला औषध असतं, बोलायला माणसं असतात. आमच्याकडे "मनाला लावून घेतलान" एवढंच म्हणत. मग एके दिवशी त्यांनी आपला चाकू शेजारच्या कुणा होडीवाल्याला देऊन टाकला. लोकरीचा जाड स्वेटरही त्यालाच दिला. आईला हाताला धरून घराभोवती फिरवलं आणि कुठली कौलं सरकली आहेत, पावसाआधी कुणाला बोलवायचं, ते दाखवलं. "तुम्ही असालच की तेव्हा," आई म्हणाली. ते पुढचं कौल दाखवायला लागले. त्या दिवशी दुपारी आईनं मला परसात बोलावलं.  "अण्णा बाहेर पडले की त्यांच्या मागं जायचं. पण मागं आहेस असं दिसू द्यायचं नाही."

तिनं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघींनाही ते ठाऊक होतं.

अण्णा दुपारच्या उन्हात खाडीच्या तोंडाशी जात. तिथे काळा कातळ पाण्यात शिरलेला आहे. त्यावर ते उभे राहत, भरतीचं पाणी पायाशी येईपर्यंत. मी मागे केवड्याच्या बेटाआड बसायची. माझं सगळं लक्ष त्यांच्या टाचांवर असे. टाचा हलल्या की मी अर्धी उठायची. एकदा मागे न वळताच ते म्हणाले, "बायो, ऊन लागंल. आईनं पाठवलान ना?"

मी बाहेर आले. खोटं बोलायचं सुचलं नाही. "हो."

"काय म्हणालीन?"

"तुमच्या मागं जा म्हणाली."

ते माझ्याकडे वळले. "तुझ्या आईला माझ्यापायी तोंड लपवायला लागता," म्हणाले. "मी माझ्या हातानं केलाय ना हा. दुसऱ्याच्या आजाराला लोक बिचारा म्हणतात. मला कोण म्हणणार?" मग चालायला लागले. मी त्यांच्या आणि पाण्याच्या मधून चालत घरी आले. आजही समुद्राच्या कडेला कुणी एकटं उभं दिसलं की मला तिथून पुढे जाववत नाही. ते माणूस मागे फिरेपर्यंत मी थांबते. तुमचे आजोबा याला माझा चाळा म्हणत.

मग ढोल वाजायला लागले. शिमगा जवळ आला होता आणि पोरं देवळाच्या आवारात हात बसवत होती. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. तुम्ही इथे असताना एकदा पाहिली आहे, पण तुमचं सगळं लक्ष पालखी नाचवण्याकडे होतं. महत्त्वाचं त्यानंतर घडतं. पालखी खांद्यांवरच अंगणात थांबते, घरची बाई ओटी भरते, आणि गावचा मानकरी देवासमोर उभा राहून त्या घराचं गाऱ्हाणं मोठ्यानं घालतो. कुणाच्या मुलाला नोकरी नाही, कुणाच्या सुनेला मूल नाही, जे असेल ते. प्रत्येक वाक्याला जमलेला सगळा गाव "होय म्हाराजा!" म्हणून साथ देतो. एका घराचं दुखणं असं गावाच्या तोंडून देवाकडे जातं. आणि आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचा मान होता म्हादूकाकांच्या घराकडे.

इतर वर्षी मी पालखीची वाट बघायची. त्या वर्षी मला वाटत होतं, ती आमच्या गडग्याजवळून परत फिरावी. सगळा गाव आमच्या अंगणात येणार होता आणि अण्णांची खोली तिथून दहा पावलांवर. आईनं अंगण सारवलं, पुरण शिजवलं, आणि अण्णांना सांगितलं, "तुम्ही आतून कडी घालून पडून राहा. मी बघते." 

पालखी आली. अंगण भरलं, पण नेहमीसारखं नाही. बायका मुलांना पोटाशी धरून गडग्याला टेकून उभ्या होत्या. आईनं ओटी भरली. म्हादूकाकांनी पागोटं सारखं केलं आणि आईकडे न बघता विचारलं, "वैनी, काय गाऱ्हाना घालू?"

"धन्याच्या दम्याला उतार पडू दे, म्हणा."

मागे कुणीतरी हसलं, दबलेलं. म्हादूकाकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तू ह्या लेकरांच्या अंगणात आलास!"

"होय म्हाराजा!"

"ह्या घरच्या धन्याला दम्याचा तरास होतोय..."

"दमा नाय."

माझ्या मागून आवाज आला. अण्णा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. वाढलेली दाढी, गळ्याची हाडं वर आलेली. आजारी पडल्यापासून कित्येकांनी त्यांना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि अंगणातली पुढची रांग न सांगता मागे सरकली.

"म्हादू, देवासमोर खोटा नको बोलू. दमा नाय मला. कॅन्सर हाय. फुप्फुसात."

ढोलवाल्याचा हात ढोलावर तसाच राहिला. गडग्याकडून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे क्षय नाय?"

"नाय रे काका. क्षय असता तर बरा होता. त्याला सुया तरी हायत."

आईनं पदर तोंडात धरला होता. मला वाटलं आता सगळे निघून जातील, पालखी फिरवतील, आणि या घराकडे पुन्हा कुणी बघणार नाही. म्हादूकाका दाराकडे वळले. "मग काय म्हणू?" त्यांनी अण्णांनाच विचारलं.

"जो हाय तो म्हण. नाव घेऊन म्हण."

"बा देवा म्हाराजा," म्हादूकाकांचा आवाज चिरकला. "ह्या तुझ्या लेकराला... कॅन्सर झालाय म्हाराजा!"

कुणीच साथ दिली नाही. आयुष्यात मी पुष्कळ शांतता ऐकल्या, पण तशी नाही. मग माझ्या शेजारून एक फुटका, म्हातारा आवाज आला. आत्या. बायका गाऱ्हाण्याला साथ देत नसत. ती डोळे मिटून ओरडली, "होय म्हाराजा!" आणि तिच्या मागून, आधी पालखीचे खांदेकरी, मग बाकीचे, अडखळत, "होय म्हाराजा."

म्हादूकाकांना धीर आला. ते नेहमीच्या चालीवर पुढे सरकले. "त्याच्या हातून काय चुकला-माकला असंल, बिडीकाडी असंल, ता सगळा पोटात घाल..."

"थांबा," आई म्हणाली.

गाऱ्हाणं कुणी मध्येच तोडत नाही. म्हादूकाका तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले.

"चुकला-माकला म्हणू नका."

"वैनी, गाऱ्हान्यात तसाच म्हनतात. सगल्यांच्याच घरी म्हनतो मी."

"म्हणत असाल. आज नको." आईचा आवाज लहान होता, पण ती पालखीच्या अगदी समोर उभी होती. "बोटीच्या पोटात आयुष्य घातलान ह्या माणसानं. बिडी ओढलीन, होय. ह्या अंगणात बिडी न ओढणारा बाप्या कोण हाय, त्यानं पुढं यावं. देवाला माफी मागायची ती आम्ही चोर असलो तर. आम्ही आजारी आहोत."

पुढे कुणी आलं नाही. एक खांदेकरी कण्हत म्हणाला, "वैनी, काय ता लवकर ठरवा. देव जड हाय." दोनचार माणसं हसली, आणि त्या हसण्यानं अंगणातली हवा थोडी हलली. म्हादूकाका गोंधळले होते. पाठ असलेल्या वाटेतला एक दगड कुणी काढून घ्यावा तसा त्यांचा पाय पुढे पडेना. शेवटी म्हणाले, "मग... मग नुसता बरा कर त्याला, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी खाडीपर्यंत ऐकू गेलं असावं.

अण्णा पालखीला हात लावायला पुढे झाले तेव्हा लोकांनी वाट करून दिली. ती वाट फार रुंद होती. मानानं केली की भीतीनं, हे मला तेव्हा सांगता आलं नाही, आजही येत नाही. सगळं बदललं असं मी लिहिणार नाही. राधाकाकूंची मुलगी दुसऱ्या दिवशीही पुढे निघून गेली, आणि अण्णा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपले. माझी भीती होती तशीच होती. उलट आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

त्यानंतर एका सकाळी म्हादूकाका आले. पुढच्या दारानं नाही, परसातून. त्यांनी पंचा तोंडावर धरला नव्हता. तो हातात चुरगळून धरला होता. अण्णांच्या खोलीच्या उंबऱ्यावर ते उकिडवे बसले. मी आणि आई स्वयंपाकघरातून ऐकत उभ्या.

"तुला पयल्यांदा कसा कळला?" त्यांनी विचारलं.

अण्णांची खाट करकरली. ते उठून बसले होते. "का रे?"

म्हादूकाकांनी पंचा उलगडून दाखवला. त्यावर रक्ताचा तपकिरी डाग होता. "राधीला सांगितलेला नाय. कोणालाच नाय. तुझ्याकडं यायला भ्यालो. तुझा बघितला की माझा पन खरा होईल, असा वाटायचा."

"मुंबईला जा. दाखव."

"मी नाय जायचा. मी रत्नागिरीच्या पुढं गेलेलो नाय कधी. तिथं कोन मला ओरडला तर?"

 त्या इस्पितळाची पायरी पुन्हा चढायची नाही, असं ते आईला, आत्याला, मला, प्रत्येकाला सांगून चुकले होते. मी काहीच बोलत नव्हते, तरी आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. 

"ओरडतात," अण्णा म्हणाले. "पण मी असंन. मला पण शेक घ्यायचाच हाय."

पुढचं थोडक्यात. म्हादूकाकांना क्षय निघाला. सुया, गोळ्या घेऊन ते बरे झाले आणि पुढे कितीतरी शिमग्यांत गाऱ्हाणी घातली. अण्णांनी शेक पुरा घेतला, पावसाळाभर ओट्यावर बसून मला शब्दकोशातले शब्द विचारले, आणि भातकापणी आटोपली तेव्हा गेले. गेले ते आजारानं. माझ्या लेखी या वाक्याला फार किंमत आहे. कातळावर उभ्या असलेल्या त्या टाचा मी पाहिल्या होत्या.

पण मला तुम्हाला सांगायची आहे ती एसटी स्टँडवरची सकाळ. अण्णांनी दाढी केली होती, गाल खपाटीला गेल्यामुळे दोनदा कापलं होतं. म्हादूकाकांनी नवं धोतर नेसलं होतं. राधाकाकू एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला.  दोघं आत चढले आणि तिघांच्या बाकावर आधीच बसलेल्या एका गृहस्थाशेजारी टेकले. खिडकी उघडी होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. गृहस्थ गप्पिष्ट होते. "मुंबईला काय, लग्नाला?"

म्हादूकाकांनी मान खाली घातली. आई माझ्या शेजारी ताठ झाली.

"नाय," अण्णा म्हणाले, इंजिनरूममधल्या आवाजात, जेवढा उरला होता तेवढ्या. "कॅन्सर हाय मला. दाखवायला चाललोय."

त्या गृहस्थांनी पिशवी उचलली, काहीतरी पुटपुटले, आणि पार पुढे ड्रायव्हरमागे जाऊन उभे राहिले. बसमध्ये माना वळल्या. अण्णांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग म्हादूकाकांकडे. पाय पसरले आणि म्हणाले, "सरक, म्हादू. ऐसपैस झाला बघ."

म्हादूकाका आधी दचकले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. खाली राधाकाकू हसली. आई हसली. किती महिन्यांनी हसली, आणि हसता हसता तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बस वळणाआड जाईपर्यंत मला हात हलवून निरोप देता आला नाही.